जुनी भांडी बागेत लावताना: भोक कुठे पाडायचं, जोड कसा द्यायचा

तळ करपलेलं पातेलं, एक कान तुटलेली कढई, टवका उडालेली बशी, जोडीदार हरवलेले काटे-चमचे. यांची कुंडी होते, टांगती परडी होते, रोपांच्या नावाच्या पट्ट्या होतात, पक्ष्यांचं पाण्याचं भांडं होतं. कल्पना सुचायला वेळ लागत नाही. काम अडतं ते दोन जागी: स्टीलला काही केल्या भोक पडत नाही, आणि चिकटवलेली वस्तू पहिल्या पावसात गळून पडते. दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. भांडं कशाचं आहे हे न बघताच कामाला हात घातलेला असतो. म्हणून इथे नक्षीकामापेक्षा धातू, भोक आणि जोड यांवरच जास्त लिहिलं आहे. ते जमलं की बाकीचं तुमच्या हौसेवर.

१. आधी भांडं ओळखा

एक साधा लोहचुंबक घ्या आणि तो भांड्याच्या तळाला लावून बघा.

घट्ट चिकटला तर भांडं लोखंडाचं, बिडाचं, इनॅमलचं किंवा चुंबकाला धरणाऱ्या स्टीलचं आहे. बीड जाड, जड आणि खरखरीत असतं. इनॅमलवर काचेसारखा रंगीत थर असतो आणि टवका उडालेल्या जागी काळं किंवा गंजलेलं लोखंड दिसतं.

चिकटला नाही तर स्टेनलेस, ॲल्युमिनियम, पितळ किंवा तांबं. पितळ-तांबं रंगावरून कळतं. स्टील की ॲल्युमिनियम हे हातात घेतल्यावर कळतं, कारण सारख्याच आकारमानाचं ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं. तरी शंका असेल तर खिळ्याच्या टोकाने तळावर ओरखडा काढा: ॲल्युमिनियमवर सहज खोल रेघ उठते, स्टीलवर खिळा घसरतो.

कधी कधी स्टीलच्या वाटीच्या काठाला चुंबक हलकेच ओढला जातो आणि तळाला अजिबात नाही. ही भेसळ नव्हे. पत्रा दाबून-ओढून आकार देताना त्या भागाच्या अंतर्गत रचनेत तसा बदल होतो.

तीन प्रकारची भांडी बाजूला ठेवा. थर निघायला लागलेली नॉनस्टिक: त्यावर रंग धरत नाही, घासली तर प्लास्टिकची भुकटी उडते आणि थर काढायला जाळली तर निघणारा धूर घातक असतो, पक्ष्यांना तर फारच. जुन्या रंगाचे पोपडे सुटणारी भांडी: जुन्या रंगांत शिसं असू शकतं, त्यामुळे ती कोरडी घासायची नाहीत. आणि खरोखर जुनी, घडाईची तांब्या-पितळेची भांडी. त्यांना भोक पाडण्याआधी जाणकाराला दाखवा, कारण भोक बुजवता येत नाही.

एक नियम सरसकट पाळा. पितळ, तांबं, डाख दिलेली भांडी, जुनी चकाकी असलेली चिनी माती यांत खाण्याची रोपं थेट लावू नका. शोभेची लावा, किंवा आत वेगळी प्लास्टिकची कुंडी ठेवा.

२. काय काय जवळ हवं

- वेग कमी-जास्त करता येणारं ड्रिल मशीन
- कोबाल्टचे बिट, म्हणजे ड्रिलमध्ये बसवायची भोक पाडणारी पाती: ३, ५ आणि ८ मिमी (स्टेनलेससाठी)
- पातळ पत्र्यासाठी पायऱ्यांचा बिट, म्हणजे शंकूसारखा, टप्प्याटप्प्याने रुंद होत जाणारा
- चिनी मातीसाठी ८ मिमीचा डायमंड बिट
- सेंटर पंच (खूण ठोकायचा टोकदार दांडा), हातोडी, लाकडी मोगरी
- अर्धगोल कानस, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर
- दोन क्लॅम्प आणि भांड्याच्या आत मावेल असा लाकडी ओंडका
- स्टेनलेसचे नट-बोल्ट (४ मिमी), रबरी आणि नायलॉनचे वॉशर
- पॉप रिव्हेटची पक्कड आणि रिव्हेट (दोन पत्रे भोकातून जोडायच्या पोकळ खिळ्या)
- दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद, ॲसिटोन
- डोळ्यांना गॉगल, घासताना मास्क

हातमोजे पत्रा कापताना आणि घासताना घाला. ड्रिल चालवताना मात्र काढून ठेवा. सैल कापडी मोजा फिरत्या बिटमध्ये गुरफटला तर बोटं सोबत ओढली जातात. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस यांचंही तेच.

३. सफाई

तेलाचा चिकट थर राहिला तर ना रंग धरतो ना गोंद. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. धुण्याच्या सोड्याच्या तीव्र पाण्यात ॲल्युमिनियम बुडवू नका, ते काळं पडतं आणि खाल्लं जातं.

लोखंडाचा गंज काढायला भांडं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये १२ ते २४ तास बुडवून ठेवा, मग तारेच्या ब्रशने घासा. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, कोरडं पुसा आणि थोडं गरम करून वाळवा. ओलं ठेवलंत तर तासाभरात तांबूस थर परत दिसेल. व्हिनेगरच्या जवळपास ब्लीच आणू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

लाकडी मूठ असेल तर जवसाचं तेल लावून मुरवा. तेलाची चिंधी गोळा करून कचऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा, मगच फेका.

४. भोक पाडणं

सगळ्यात जास्त बिट इथे वाया जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

स्टेनलेस. घासलं गेलं की हे स्टील अधिक कडक होतं. वेगाने, हलक्या हाताने ड्रिल फिरवलं की बिट कापत नाही, नुसता घासतो. त्या जागी काचेसारखी चकाकणारी छोटी वाटी तयार होते आणि मग तिथे काहीच शिरत नाही. उपाय उलटा आहे: वेग कमी, दाब जास्त. ६ मिमीच्या बिटला मिनिटाला साधारण ६०० फेरे, ३ मिमीला १२००. पूर्ण वेगाच्या मशीनचा ट्रिगर अर्ध्याहून कमी दाबायचा, असा अंदाज ठेवा. आधी सेंटर पंचने खूण ठोका, नाहीतर बिट घसरून भांडंभर रेघोट्या मारेल. कापायच्या तेलाचा थेंब टाका, ३ मिमीने सुरुवात करा, मग मोठा बिट घ्या. योग्य चाललं असेल तर बिटवरून लांब, वळणदार तार निघते. भुकटी निघत असेल किंवा धूर येत असेल तर थांबा. बिट बोथट झालाय किंवा वेग जास्त आहे. चकाकी धरलेल्या जागेशी झटापट करू नका. नवा बिट घेऊन दुसऱ्या बाजूने पाडा किंवा सेंटिमीटरभर बाजूला सरका.

जाड तळाच्या स्टील भांड्यात दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमची चकती दाबलेली असते. मधला थर मऊ, पलीकडचा पत्रा पुन्हा कडक, त्यामुळे बिट अडकतो. शिवाय भोकातून आत शिरलेलं पाणी थरांमध्ये साचतं आणि तळ फुगतो. अशा भांड्याच्या तळाला हात लावू नका. चकती जिथे संपते त्याच्या लगेच वर, बाजूच्या भिंतीत भोकं पाडा.

ॲल्युमिनियम. कापायला सोपं, पण चिकट. बिटच्या खाचा भरून जातात. रॉकेलचा थेंब टाका आणि दर काही सेकंदांनी बिट बाहेर काढून झटका. कुकरचं जुनं भांडं कुंडीसाठी उत्तम असतं: जाड, जड आणि वाऱ्याने न पडणारं.

पितळ आणि पातळ पत्रा. साधा मोठा बिट पलीकडे बाहेर पडताना पत्र्याला हिसका देतो, भोक तिकोनी होतं आणि भांडं हातातून सुटून गरगर फिरतं. पायऱ्यांचा बिट वापरा आणि भांडं क्लॅम्पने बांधा. हाताने धरून भोक पाडायचं नाही, कितीही लहान वाटी असली तरी.

बीड. कोरडंच पाडा, तेलाची गरज नाही, कारण त्यातलं ग्राफाइटच वंगणाचं काम करतं. हातोडी मात्र लावू नका. बीड वाकत नाही, तडकतं.

इनॅमल. खुणेवर दोन्ही बाजूंनी कागदी चिकटपट्टी लावा आणि कमी वेगाने जा. थोडा टवका उडणारच. उघड्या पडलेल्या लोखंडावर त्याच दिवशी गंजरोधक प्रायमर फिरवा, नाहीतर भोकाभोवतीचं इनॅमल खालून सुटत जातं.

चिनी माती आणि काच. डायमंड बिट, कमी वेग, मशीनचा ठोक्यांचा मोड बंद. सुरुवात तिरकी धरून करा. चंद्रकोरीएवढी खाच पडली की बिट सरळ करा. खुणेभोवती पीठमातीचं किंवा पुट्टीचं कडं करून त्यात पाणी भरा, म्हणजे बिट सतत ओला राहतो. शेवटच्या मिलिमीटरला दाब जवळजवळ काढून घ्या. बशा फुटतात त्या बहुतेक तिथेच. उष्णता देऊन कडक केलेल्या (टफन्ड) काचेला भोक पाडायचा प्रयत्न करू नका, तिचा एका क्षणात चुरा होतो.

भोकं किती? २० सेंमी व्यासाच्या तळाला ८ मिमीची पाच पुरतात: एक मध्ये, चार भोवती. भांडं ओंडक्यावर उपडं घालून बाहेरून भोक पाडलं की आतल्या बाजूला धारदार काठ उठतो. तो कानशीने काढाच. बोट कापतं हे एक कारण, आणि मिलिमीटरभर उंचीच्या त्या काठामागे पाणी तुंबतं हे दुसरं. खिळ्याने भोक ठोकणार असाल (ॲल्युमिनियमला चालतं, स्टीलला नाही) तर आतून बाहेर ठोका, म्हणजे काठ बाहेर जातो.

५. जोड

टिकाऊपणाचा क्रम असा: नट-बोल्ट, मग रिव्हेट, मग तार, सगळ्यात शेवटी गोंद. बागेतली वस्तू दिवसा तापते, रात्री थंड होते, धातू प्रसरण-आकुंचन पावत राहतो आणि गोंदाचा जोड हळूहळू सुटतो.

दोन वेगळे धातू एकमेकांना लागून ओले राहिले की त्यांतला एक झिजतो. इथे कोणता धातू मोठा आणि कोणता लहान हे महत्त्वाचं आहे. मोठ्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात स्टीलचा एक छोटा बोल्ट चालून जातो. उलट मोठ्या स्टीलच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ॲल्युमिनियमचा छोटा रिव्हेट घातला तर सगळी झीज त्या रिव्हेटवर येते आणि तो पांढरी भुकटी होऊन गळतो. बाजारात सहज मिळणारे पॉप रिव्हेट ॲल्युमिनियमचेच असतात, तेव्हा स्टीलच्या भांड्यासाठी स्टीलचे मुद्दाम मागून घ्या. मध्ये नायलॉनचा वॉशर घातला तर आणखी बरं. तांब्याचं भांडं ॲल्युमिनियमच्या किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या वस्तूच्या वर टांगू नका. ठिबकणारं पाणी खालच्या धातूला खड्डे पाडतं.

रिव्हेट ३.२ मिमीचा असेल तर भोक ३.३ मिमीचं. त्याहून ढगळ झालं तर तो हलत राहतो.

चिनी माती, काच यांना गोंदाशिवाय पर्याय नसतो तेव्हा: दोन्ही पृष्ठभागांवर १२० नंबरने उभ्या-आडव्या रेघा मारा, ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. इपॉक्सीचे दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणात मोजून मिसळा. पाच मिनिटांत वाळणारा इपॉक्सी टाळा, तो उन्हात आणि पाण्यात लवकर मऊ पडतो. २४ तासांचा घ्या. उन्हाने इपॉक्सी पिवळाही पडतो, म्हणून तो दिसणार नाही अशा बाजूला ठेवा. सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको, त्यातलं आम्ल पितळ, तांबं आणि जस्ताला खातं. न्यूट्रल प्रकारचं घ्या.

बशा एकावर एक ठेवून केलेलं फूल गोंदाने जोडण्यापेक्षा मधोमध भोक पाडून एकाच बोल्टवर ओवा. प्रत्येक दोन बशांमध्ये रबरी वॉशर ठेवा आणि नट हातानेच घट्ट करा. पान्ह्याचा एक जास्तीचा वेढा आणि बशी गेली.

६. रंग

स्टेनलेस रंगवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रंग नीट धरत नाही, आणि स्टील तसंच बागेत छान दिसतं. ॲल्युमिनियमला रंग द्यायचाच असेल तर आधी पृष्ठभाग खरवडून धातूसाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट पकडणारा पहिला थर, मारा. जस्ताचा मुलामा असलेल्या बादल्या-डब्यांवर तेलाचा रंग थेट देऊ नका. जस्ताशी संयोग होऊन रंगाखाली साबणासारखा थर तयार होतो आणि काही महिन्यांत अख्खी पापुद्री निघते.

स्प्रे २० ते ३० सेंमी अंतरावरून, तीन पातळ हात. एकच जाड हात दिला की ओघळ येतात. दमट हवेत काम करू नका, चकाकी मरते. हाताला कोरडा लागला तरी रंग आतून पक्का व्हायला आठवडाभर जातो. तोवर माती भरू नका.

७. करून बघण्यासारख्या वस्तू

चाळणीची टांगती परडी. भोकं आधीच असल्याने नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. काठावर तीन साखळ्यांची भोकं समान अंतरावर हवीत. त्यासाठी काठाभोवती दोरा गुंडाळून परिघ मापा, दोऱ्याची तीन समान घडी करा आणि घडीच्या खुणा काठावर उतरवा. आत काथ्याचा थर लावा, मग हलकी माती. २४ सेंमीच्या चाळणीत साधारण ३ लिटर माती मावते, आणि भिजली की रोपासकट ४ ते ५ किलो होते. हूक किमान १५ किलो पेलणारा घ्या. वाऱ्याने हेलकावे बसले की ताण वाढतो. ही परडी फार लवकर सुकते. कमी पाण्यावर तगणारी रोपं लावा, नाहीतर रोज पाण्याची तयारी ठेवा.

पातेल्याची कुंडी. तळाशी खडी भरली की निचरा सुधारतो ही समजूत खरी नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडून राहतं. खडीमुळे ओल मुळांच्या आणखी जवळ येते, एवढंच. भोकांवर जाळीचा तुकडा टाका आणि सगळी माती एकसारखी भुसभुशीत भरा. पातेलं सपाट जमिनीवर ठेवलं तर भोकं बंद होतात, म्हणून खाली सेंटिमीटरभर उंचीचे तीन तुकडे द्या. उन्हात धातू तापतो आणि उन्हाकडच्या बाजूची मुळं जळतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे आत दीड-दोन सेंमी मोकळी जागा सोडून प्लास्टिकची कुंडी ठेवणं. मग भांडं फक्त झाकणीचं काम करतं, आणि मुद्दाम खूप भोकं पाडायचीही गरज उरत नाही. साचलेलं पाणी जाण्यापुरतं एक पुरे.

चमच्यांच्या नावपट्ट्या. ॲल्युमिनियमचा चमचा ओंडक्यावर ठेवून मोगरीने सपाट करा, घाव मधून बाहेरच्या दिशेने. ठोकून उमटवायचे अक्षरांचे छाप बहुधा रोमन असतात, पण देवनागरीची त्यावाचून अडचण नाही. सेंटर पंचने ठिपक्या-ठिपक्यांनी लिहा: पेन्सिलीने 'पुदिना' काढा, आधी शिरोरेषेचे ठिपके एका ओळीत द्या, मग दीड मिमी अंतराने अक्षरांचे. खड्ड्यांत काळा रंग भरून वरचा पुसून टाका. स्टेनलेसच्या चमच्यावर छाप उमटत नाही, तिथे कोरायचं यंत्र लागेल. दांडा वाकवायचा असेल तर एकदाच वाकवा. पुढे-मागे केलं की तो त्याच जागी तुटतो.

वाऱ्यावर वाजणारी झुंबरं. पातळ चमचे नुसते खडखडतात. घुमणारा नाद हवा असेल तर भरीव, एकसंध स्टीलचे दांडे किंवा सुऱ्या निवडा (धार कानशीने पूर्ण मारून). कुठून टांगायचं यावर सगळं आहे. सरळ, सारख्या जाडीच्या दांड्याचा टोकापासून २२ टक्के लांबीवरचा बिंदू कंप पावत नाही. २० सेंमीच्या दांड्याला तो साधारण साडेचार सेंमीवर येतो. तिथे भोक पाडलं तर नाद टिकतो. चमचा सारख्या जाडीचा नसतो, म्हणून त्याला दोन बोटांत हलकेच धरून दुसऱ्या चमच्याने टिचकी मारा, बोटं थोडी थोडी सरकवत जा. जिथे धरल्यावर आवाज सगळ्यात लांब चालतो ती जागा. दोरी विणलेल्या पॉलिस्टरची घ्या. मासेमारीची पारदर्शक नायलॉन तार उन्हाने ठिसूळ होऊन एक दिवस अचानक तुटते. आणि झुंबर शेजाऱ्यांच्या खिडकीजवळ नको.

ताटाचं पाणवठं. पाण्याची खोली ३ ते ५ सेंमी, त्याहून जास्त नको. गुळगुळीत स्टीलवर पक्ष्यांचे पाय घसरतात, म्हणून खडबडीत चपटे दगड ठेवा. जागा सावलीतली, मांजर दबा धरून बसेल अशा झुडपापासून दूर. पाणी दर दोन दिवसांनी ओतून टाका आणि ताट नुसत्या ब्रशने घासा, साबण नको. उष्ण हवेत डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे दोन दिवसांचं वेळापत्रक पाळलं तर अळ्या पुढे जात नाहीत. हाच नियम बागेतल्या प्रत्येक उघड्या वाटीला, झाकणाला आणि केटलीला लागू.

८. लावताना आणि नंतर

घासून लख्ख केलेली खोलगट भांडी सूर्याकडे तोंड करून लावू नका. आतली वक्र बाजू आरशासारखं ऊन एका बिंदूत गोळा करते आणि समोर वाळलेला पाला असेल तर तो पेटू शकतो. काचेच्या गोल भांड्यांचंही तेच. तोंड खाली किंवा सावलीकडे करा, नाहीतर आतून पॉलिश पेपर फिरवून चकाकी मारा.

डोक्याच्या उंचीवर काट्यांची टोकं आणि कापलेल्या पत्र्याच्या कडा येऊ देऊ नका. लहान मुलं फिरत असतील तर त्यांच्या डोक्याची उंची मोजा, तुमच्या नव्हे.

पावसाआधी आणि पावसानंतर असं वर्षातून दोनदा सगळे हूक, साखळ्या आणि दोऱ्या हाताने ओढून बघा. साखळीची कडी जिथे भांड्याच्या भोकात टेकते तिथेच झीज होते, आणि ती वरून दिसत नाही. कडी बाजूला सरकवून आतला भाग बघावा लागतो. कडीची जाडी निम्मी झालेली दिसली तर त्याच दिवशी बदला.

एखादं भांडं गंजून चाळण झालंच तर त्यावरचे बोल्ट, वॉशर, साखळ्या काढून डब्यात ठेवा आणि भांडं भंगारात द्या. देताना धातू वेगवेगळे करून द्या. चुंबक हाताशी असेलच.